मैत्री, सोयरीक आणि सत्ता : प्राचीन ग्रीक व मॅसिडोनियन उच्चवर्गाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन ग्रीसचा इतिहास आपण शाळेत लढाया, तह आणि राज्यपद्धती यांच्या क्रमाने शिकतो. मूळ ग्रंथांत मात्र कोणाच्या तरी वडिलांचा पाहुणा, कोणाचा मेहुणा, कोणाच्या ताटात जेवलेला बालमित्र अशी माणसे पानोपानी भेटतात आणि मोठमोठे निर्णय त्यांच्यामार्फत होताना दिसतात. त्या नात्यांबद्दल वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. येथील सर्व वर्षे इसवी सनापूर्वीची आहेत.

झेनिया म्हणजे काय? आपल्या पाहुणचारासारखेच ते होते का?

झेनिया या शब्दासाठी मराठीत ‘अतिथिमैत्री’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा आहे. एका नगरातील प्रतिष्ठित माणूस दुसऱ्या नगरातील आपल्या बरोबरीच्या माणसाच्या घरी उतरत असे, दोघे एकमेकांना भेटी देत असत, आणि तेवढ्यावरून दोन घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणारे नाते तयार होत असे. अशा मित्राला झेनोस म्हणत. पाहुणचार ही या नात्याची केवळ सुरुवात होती. पुढे संकटात आसरा देणे, मुलांना सांभाळणे, पैसा उभा करणे, दरबारात शब्द टाकणे ही सगळी कर्तव्ये त्यात येत आणि ती वारशाने मुलांकडे जात.

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गातला प्रसंग याचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट चित्र आहे. ग्लॉकस आणि डायोमीडीस रणांगणावर समोरासमोर येतात, बोलता बोलता त्यांना कळते की एकाच्या आजोबांनी दुसऱ्याच्या आजोबांना वीस दिवस घरी ठेवून घेतले होते, आणि लगेच ते शस्त्रे खाली ठेवून चिलखतांची अदलाबदल करतात. एकाचे चिलखत सोन्याचे, म्हणजे शंभर बैलांच्या मोलाचे, आणि दुसऱ्याचे नऊ बैलांच्या मोलाचे कांस्याचे असते. होमर या व्यवहाराला वेडेपणा म्हणतो. ज्या दोन योद्ध्यांनी एकमेकांना ठार करावे अशी त्यांच्या सैन्यांची अपेक्षा होती, त्यांना दोन पिढ्यांपूर्वीचा एक मुक्काम थांबवू शकला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने चिलखताच्या किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. पुढच्या चारशे वर्षांतले राजकारण समजून घेताना हा प्रसंग वारंवार आठवतो.

मित्र शत्रूच्या बाजूला असेल तर काय होत असे?

याचे उत्तम उदाहरण ४३१ सालचे आहे. स्पार्टाचा राजा आर्किडेमस सैन्य घेऊन अथेन्सच्या प्रदेशावर चालून येत होता आणि अथेन्सचे नेतृत्व करणारा पेरिक्लीस हा त्याचा झेनोस होता. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की पेरिक्लीसला दोन शंका आल्या. जुन्या मैत्रीखातर आर्किडेमस आपल्या एकट्याच्या जमिनी न जाळता सोडून देईल, ही पहिली. लोकांमध्ये आपल्याविषयी संशय पेरण्यासाठी स्पार्टाच मुद्दाम तसा हुकूम देईल, ही दुसरी. म्हणून आक्रमण होण्याआधीच त्याने सभेत उभे राहून सांगितले की आर्किडेमस आपला अतिथिमित्र आहे, पण त्यामुळे नगराचे काही वाईट होणार नाही. आपली शेते आणि घरे शत्रूने इतरांसारखी उद्ध्वस्त केली नाहीत, तर ती आपण सार्वजनिक मालमत्ता म्हणून देऊन टाकू.

पेरिक्लीसने मैत्री नाकारली नाही आणि तिची लाजही बाळगली नाही. सभेलाही त्याला असा मित्र असल्याचे आश्चर्य वाटल्याचे दिसत नाही. प्रश्न फक्त त्या नात्याचा भार कोणी उचलायचा एवढाच होता, आणि तो भार त्याने स्वतःच्या जमिनीवर घेतला.

प्रॉक्सेनोस म्हणजे आजचा राजदूत का?

नाही. राजदूत आपल्या देशातून परदेशी जातो, तर प्रॉक्सेनोस स्वतःच्याच नगरात राहून परक्या नगराचे हित पाहत असे. अथेन्समध्ये स्पार्टाचा प्रॉक्सेनोस असलेला माणूस अथेन्सचाच नागरिक असे. स्पार्टाचे दूत आले की त्याच्याकडे उतरत आणि सभेत कोणाला भेटायचे, काय बोलायचे, हे त्याच्याकडून समजून घेत. हा मान नगराच्या ठरावाने मिळत असे आणि पुष्कळदा घराण्यात चालत राही.

मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर हा अथेन्सचा प्रॉक्सेनोस आणि उपकारकर्ता होता. त्याच वेळी त्याची बहीण एका पर्शियन सरदाराला दिलेली होती. इराणी सेनापती मार्डोनिअसने ४७९ च्या प्लॅटियाच्या लढाईपूर्वी अथेन्सला फोडण्यासाठी दूत निवडला, तो हाच. इतिहासकार हेरोडोटस निवडीची कारणे सांगताना इराण्यांशी असलेली सोयरीक आणि अथेन्सशी असलेले हे नाते अशी दोन्ही एकाच दमात नोंदवतो. दोन्ही बाजूंना ज्याचे घर आहे, तोच मध्यस्थ होऊ शकतो, हा विचार त्या काळी कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता.

हे पद घराण्याला किती प्रिय होते ते अल्किबायडीसच्या बाबतीत दिसते. त्याच्या आजोबांनी स्पार्टाची प्रॉक्सेनी सोडून दिली होती. ती परत मिळावी म्हणून अल्किबायडीसने ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर पकडल्या गेलेल्या स्पार्टन कैद्यांची देखभाल केली. पण तहाची बोलणी करताना स्पार्टाने त्याला तरुण समजून बाजूला ठेवले आणि अथेन्सचा ज्येष्ठ नेता निकिआस याला हाताशी धरले. थ्युसिडिडीसच्या मते हा अपमान, हे त्याने ४२० मध्ये अथेन्सला स्पार्टाच्या शत्रूंकडे, म्हणजे आर्गॉसकडे, वळवण्यामागचे एक कारण होते. ‘अल्किबायडीस’ हे नावच मुळात स्पार्टन आहे. तिथल्या एंडिअसच्या घराण्याशी असलेल्या अतिथिमैत्रीतून ते या अथेनियन घरात आले होते, आणि पुढे अल्किबायडीस स्वतः स्पार्टाच्या आश्रयाला गेला, तेव्हा तिथे इफॉर या मोठ्या अधिकारपदावर असलेला हाच एंडिअस त्याच्या कामी आला.

अथेन्समध्ये लोकशाही होती. मग तिथे ओळखीपाळखींना एवढे महत्त्व कसे?

मत प्रत्येक नागरिकाला होते, पण सभेत ठराव मांडणे, खटला उभा करणे, साक्षीदार जमवणे, दंडाची रक्कम भरणे या कामांना माणसे लागत. ती माणसे हेतायरिया नावाच्या छोट्या मंडळ्यांतून येत. समवयस्क, बहुधा सधन पुरुष पानगोष्ठीसाठी एकत्र जमत, आणि न्यायालयात व निवडणुकीत एकमेकांना साहाय्य करत. ४११ मध्ये लोकशाही उलथवण्याची तयारी करताना कटाचा एक पुढारी पायसँडर अथेन्समधल्या अशाच शपथबद्ध मंडळ्यांकडे एकामागून एक जाऊन आला. त्या मंडळ्या खटले आणि पदे यांसाठी आधीपासून अस्तित्वात होत्या, असे थ्युसिडिडीस स्पष्ट लिहितो. चार वर्षांपूर्वी, ४१५ मध्ये, हर्मीस या देवाच्या मूर्तींची एका रात्रीत जी तोडफोड झाली, तिचा संशयही अशाच गटांवर आला होता.

याचा हाताला लागणारा पुरावा अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत मिळाला. हद्दपारीच्या मतदानात खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून मत दिले जाई. त्या विहिरीत अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याचे नाव असलेले सुमारे १९० तुकडे सापडले आणि अक्षर तपासल्यावर ते अवघ्या चौदा-पंधरा हातांनी लिहिलेले असल्याचे दिसून आले. म्हणजे कोणीतरी ते आधीच लिहून, वाटण्यासाठी तयार ठेवले होते.

पेरिक्लीसने या मंडळ्यांपासून दूर राहणे हेच आपले भांडवल केले. नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो की राजकारणात उतरल्यापासून तो बाजारचौक आणि सभागृह यांच्या वाटेशिवाय दुसऱ्या वाटेने जाताना दिसला नाही, मित्रांकडची जेवणाची आमंत्रणे त्याने बंद केली, आणि नात्यातल्या युरिप्टोलेमसच्या लग्नालाही देवाला मद्य अर्पण होताच तो उठून निघून गेला.

विवाहसंबंध किती ठरवून केले जात?

पूर्णपणे ठरवून. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिक्यॉनचा शासक क्लाइस्थेनीस याने मुलगी अगारिस्ता हिच्यासाठी ग्रीसभरातून वर बोलावले आणि वर्षभर त्यांना ठेवून घेऊन त्यांची परीक्षा पाहिली. आपल्याला स्वयंवराची आठवण होईल, पण इथे निवड मुलीने नव्हे, वडिलांनी केली. आघाडीवर असलेला हिप्पोक्लाइडीस शेवटच्या मेजवानीत मेजावर डोके टेकवून पाय वर करून नाचला आणि लग्न गमावून बसला. मुलगी अथेन्सच्या मेगाक्लीसला दिली गेली. या जोडप्याचा मुलगा म्हणजे अथेन्सच्या लोकशाहीची घडी बसवणारा क्लाइस्थेनीस, आणि पेरिक्लीसची आई, तिचेही नाव अगारिस्ता, याच वंशातली. नाकारलेल्या प्रत्येक वराला एकेक टॅलेंट (सुमारे २६ किलो) चांदी देऊन पाठवले गेले, कारण मुलगी एकालाच देता येत असली तरी मैत्री सर्वांशी राखायची होती.

मॅसिडोनियातील परिस्थिती वेगळी कशी होती?

ग्रीक नगरांत मैत्री सभा, न्यायालय आणि कायदा यांच्या आतून वाट काढत असे. मॅसिडोनियात राजाभोवतीच्या माणसांपलीकडे राज्ययंत्रणा फारशी नव्हतीच. या माणसांना हेतायरोइ, म्हणजे सोबती, म्हणत. ते राजाबरोबर जेवत, शिकार करत, घोडदळात त्याच्या शेजारी लढत आणि मसलतीला बसत. राजा त्यांना नावाने हाक मारी आणि तेही मोकळेपणाने त्याला तोंडावर बोलत.

दुसऱ्या फिलिपने (राज्यकाल ३५९ ते ३३६) हे वर्तुळ जाणीवपूर्वक वाढवले. जिंकलेल्या प्रदेशातल्या जमिनी त्याने सोबत्यांना दिल्या, आणि त्यांत केवळ मॅसिडोनियन नव्हते. क्रीटचा निआर्कस, मिटिलिनीचा एरिगायस, कार्डियाचा युमेनीस अशी बाहेरून आलेली माणसे वा त्यांची मुले या दरबारात वाढली. थिओपाँपस हा समकालीन लेखक म्हणतो की सोबती तेव्हा ८०० पेक्षा जास्त नव्हते, पण सर्वांत उत्तम आणि मोठ्या जमिनी असलेल्या १०,००० ग्रीकांइतके उत्पन्न ते खात होते. थिओपाँपसला या दरबाराविषयी तिटकारा होता, त्यामुळे आकडा जपून घ्यावा. पण जमीन हाच या मैत्रीचा पाया होता याला शिलालेखाचा आधार आहे. नंतरच्या काळातल्या कासँडर राजाने कॉइनसचा मुलगा पर्डिकस याला दिलेली एक सनद उपलब्ध आहे, आणि फिलिपच्या काळी पर्डिकसचे आजोबा पोलेमोक्रेटीस यांना मिळालेल्या जमिनी तिच्यात त्याच्याकडे पुन्हा कायम केल्या आहेत. नव्या राज्यकर्त्याकडून जुने इनाम कायम करून घेण्याची ही गरज मराठी कागदपत्रे वाचणाऱ्याला लगेच ओळखता येईल. इनाम वंशपरंपरेने चालत होते, पण राजाची मर्जी प्रत्येक वेळी नव्याने मिळवावी लागत होती.

सरदारांची किशोरवयीन मुले राजाच्या सेवेत ठेवण्याची पद्धतही फिलिपच्या नावावर सांगितली जाते. ही मुले राजाच्या निद्रागृहावर पहारा देत, त्याचा घोडा आणून देत, त्याच्याबरोबर शिकारीला जात. तिथेच त्यांचे शिक्षण आणि आपापसातली मैत्री घडत असे, आणि घरच्या वडीलमंडळींच्या इमानदारीसाठी ती ओलीसही असत. एवढ्या जवळिकीत धोकाही होता. ३२७ मध्ये हर्मोलाउस नावाच्या अशाच एका मुलाने शिकारीत राजाच्या आधी रानडुकरावर भाला टाकला, त्याबद्दल त्याला फटके बसले आणि त्याचा घोडा काढून घेतला गेला. त्याने सवंगड्यांना जमवून राजाला, म्हणजे फिलिपचा मुलगा अलेक्झांडर (सिकंदर) याला, झोपेत मारण्याचा कट रचला.

फिलिपने सात लग्ने का केली?

सॅटिरस या चरित्रकाराच्या यादीत इलिरियाची ऑडाटा, एलिमियाची फिला, थेसलीच्या फेराई आणि लॅरिसा या दोन नगरांतल्या निकेसिपोलिस व फिलिन्ना, एपिरसची ऑलिंपियास, थ्रेसची मेडा आणि शेवटी मॅसिडोनियन सरदार अटॅलसची पुतणी क्लिओपात्रा अशी सात नावे आहेत. फिलिप प्रत्येक युद्धाबरोबर एक लग्न करी, असे तो म्हणतो. यादी नकाशावर मांडली तर राज्याच्या सीमा फिरून दिसतात. शेवटचे लग्न तेवढे घरातले होते, आणि उत्पात नेमका त्यानेच घडवला.

३३७ च्या त्या लग्नाच्या मेजवानीत अटॅलसने राज्याला औरस वारस मिळावा अशी प्रार्थना केली. अलेक्झांडरने त्याच्यावर पेला फेकला, फिलिप तलवार उपसून मुलाकडे धावला आणि नशेत अडखळून पडला. अलेक्झांडर आईला एपिरसला पोचवून इलिरियात निघून गेला. बापलेकांचा समेट एखाद्या मंत्र्याने केला नाही, तर फिलिपचा अतिथिमित्र असलेल्या कॉरिंथच्या डेमॅरॅटसने केला. ग्रीक नगरे एकमेकांशी सलोख्याने वागत आहेत का, असे फिलिपने त्याला विचारले, तेव्हा स्वतःच्या घरात एवढे भांडण माजले असताना तुम्ही ग्रीसची काळजी करता हे छान आहे, असे तो राजाच्या तोंडावर म्हणाला. असे बोलण्याचा अधिकार पदाने मिळत नाही. तो जुन्या मित्रालाच असतो, आणि या समाजात त्या अधिकाराला राजकीय वजन होते.

फिलिपने ग्रीक नेते पैशाने विकत घेतले, हे खरे का?

या प्रश्नाचे उत्तर आपण कोणाचे ऐकतो यावर बरेच अवलंबून आहे, आणि बहुतेक पुस्तके अथेन्सचा फिलिपविरोधी वक्ता डेमोस्थेनीस याचे ऐकतात. ३३० च्या प्रसिद्ध भाषणात त्याने नगरवार नावे घेऊन देशद्रोह्यांची यादी वाचली: थेसलीचे डाओकस, किनिआस, थ्रॅसिडीअस, आर्गॉसचे मिर्टिस, टेलेडॅमस, म्नासिआस, आणि असे कितीतरी. आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याला त्याने सुनावले की तू स्वतःला अलेक्झांडरचा मित्र म्हणवतोस, पण पीक कापायला लावलेल्या मजुराला जर धन्याचा मित्र म्हणत असतील, तरच तू मित्र.

दोनशे वर्षांनंतर इतिहासकार पॉलिबिअसने या यादीवर कडक आक्षेप घेतला. आर्केडिया आणि मेसेनियाच्या नेत्यांनी फिलिपला जवळ केल्यामुळे त्यांच्या नगरांवरचा स्पार्टाचा दबाव संपला, गमावलेला प्रदेश परत मिळाला; अथेन्सचे हित हेच सर्वांचे हित असे मानून डेमोस्थेनीसने इतरांना द्रोही ठरवले, असे तो म्हणतो. पॉलिबिअस स्वतः आर्केडियातील मेगालोपोलिसचा होता, तेव्हा त्याचाही यात जीव गुंतला होता. तरीही मला त्याचे म्हणणे जास्त पटते. यादीतला डाओकस घ्या. तो थेसलीच्या सरदार घराण्यातला होता, डेल्फीच्या पवित्र मंडळावर प्रतिनिधी होता, आणि त्याने डेल्फीला उभारलेल्या पूर्वजांच्या पुतळ्यांचे अवशेष आजही तिथल्या संग्रहालयात आहेत. थेसलीची घराणी फिलिपशी लग्नसंबंधांनीही बांधली गेली होती. अशा माणसाची निष्ठा पैशाच्या थैलीत मोजता येत नाही.

देणे-घेणे होत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. ३४८ मध्ये ऑलिंथस पडले, त्यात फितुरीचा वाटा होता. त्या विजयानंतरच्या उत्सवात फिलिप कलावंतांना बक्षिसे देत असताना सॅटिरस नावाचा विनोदी नट (हा वर आलेला चरित्रकार नव्हे) गप्प बसला होता. राजाने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की पिडनाचा अपोलोफेनीस हा माझा अतिथिमित्र होता. तो मारला गेल्यावर नातेवाइकांनी त्याच्या मुली ऑलिंथसला सुरक्षित ठेवल्या होत्या, आता त्या तुमच्या कैदेत आहेत. त्या मला द्या, मी हुंडा देऊन त्यांची लग्ने लावीन. हा अपोलोफेनीस फिलिपच्या भावाच्या खुन्यांपैकी एक होता. तरी जमलेल्या पाहुण्यांच्या टाळ्यांत फिलिपने मुली सोडल्या. ही गोष्ट सांगतो कोण, तर स्वतः डेमोस्थेनीस, एस्किनीसच्या वर्तनाशी तुलना करण्यासाठी. मेलेल्या मित्राच्या मुलींसाठी नटाने टाकलेला शब्द आणि चारचौघांत मिळवलेले औदार्याचे नाव, या दोन्ही गोष्टी फिलिपच्या राजकारणाचा भाग होत्या. सोने हा त्यातला एकच भाग होता.

अलेक्झांडरने बालमित्रांना पदे वाटली का?

वाटली, आणि ती वाटण्याआधी त्या मित्रांनी किंमतही मोजली होती. केरियाचा शासक पिक्सोडॅरस याच्या मुलीशी परस्पर सोयरीक जुळवण्याचा घाट अलेक्झांडरने एका नटामार्फत घातला, तेव्हा संतापलेल्या फिलिपने हार्पॅलस, निआर्कस, एरिगायस आणि टॉलेमी यांना हद्दपार केले. ३३६ मध्ये अलेक्झांडर राजा झाला आणि हे सगळे परत आले. हार्पॅलस शरीराने युद्धाला असमर्थ होता, म्हणून त्याला खजिनदार केले. निआर्कस आधी लिसियाचा शासक आणि नंतर सिंधूपासून इराणच्या आखातापर्यंत आलेल्या आरमाराचा प्रमुख झाला. टॉलेमी पुढे इजिप्तचा राजा झाला.

हार्पॅलस ३३३ मध्ये एकदा पळून गेला होता. त्याला माफी मिळाली आणि पुन्हा खजिनाच मिळाला. ३२४ मध्ये तो ५,००० टॅलेंट आणि ६,००० भाडोत्री सैनिक घेऊन दुसऱ्यांदा पळाला. अथेन्सने त्याचे ७०० टॅलेंट अक्रॉपोलिसवर ठेवले, मोजले तेव्हा निम्मेच निघाले, आणि त्या प्रकरणात खुद्द डेमोस्थेनीसला ५० टॅलेंट दंड झाला.

नाते असल्याने जीव वाचत असे का?

कधी वाचे, आणि कधी नात्यामुळेच जाई. लिंकेस्टिस प्रांतातला दुसरा एक अलेक्झांडर हा बडा मॅसिडोनियन सेनापती अँटिपेटर याचा जावई होता आणि ३३६ मध्ये नव्या राजाला पहिली मानवंदना त्याने दिली; त्याच्या दोन भावांना फाशीची वाट दाखवली गेली, तो मात्र वाचला. सहा वर्षांनी मात्र त्यालाही मारण्यात आले; तेव्हा सासऱ्याचे वजनही पुरले नाही.

३३० मध्ये अलेक्झांडरचा ज्येष्ठ सेनापती पार्मेनियन याचा मुलगा फिलोटास याच्यावर कट लपवल्याचा आरोप आला. त्याच्यावर सर्वांत त्वेषाने तुटून पडला तो त्याच्या बहिणीचा नवरा कॉइनस. रोमन इतिहासकार कर्टिअसच्या वर्णनात तो हातात दगड घेऊन उभा राहतो, आणि फिलोटासला पुढच्या छळातून सोडवण्याचा हा प्रयत्न असावा असे काहींना वाटते. पार्मेनियनची दुसरी सोयरीक, अटॅलसशी झालेली, आधीच घातक ठरली होती. आपल्यावर तोच शिक्का बसू नये, ही भीती कॉइनसला असणे स्वाभाविक होते. फिलोटासला मारल्यावर एकबटानाला असलेल्या म्हाताऱ्या पार्मेनियनकडे पॉलिडॅमस या त्याच्याच मित्राला वेगवान उंटांवरून धाडले आणि पॉलिडॅमसचे भाऊ ओलीस ठेवले. मित्राला पाहून पार्मेनियनला आनंद झाला, आणि आणलेले पत्र वाचत असतानाच त्याच्यावर वार झाला. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुःखद वाटतो. मैत्रीवरचा विश्वासच इथे शस्त्र म्हणून वापरला गेला.

स्त्रिया केवळ तहाचे साधन होत्या का?

लग्न ठरवताना त्यांना विचारले जात नसे, हे खरे. पुढे मात्र अनेकींनी त्या नात्यांतून स्वतःची सत्ता उभी केली. अँटिपेटरची मुलगी फिला लहान असतानाच वडील मोठ्या प्रश्नांवर तिचा सल्ला घेत, असे इतिहासकार डायोडोरस लिहितो. नवरा, सेनापती क्रेटरस, याच्या मृत्यूनंतर ती अँटिगोनस या सेनापतीचा मुलगा डेमेट्रिअस याची पत्नी झाली. छावणीतल्या असंतुष्टांना ती शांत करी, गरीब सैनिकांच्या बहिणी-मुलींची लग्ने स्वखर्चाने लावी आणि खोट्या आरोपात अडकलेल्यांना सोडवी.

अलेक्झांडरची सख्खी बहीण क्लिओपात्रा ही भावाच्या मृत्यूनंतर सर्वांत हवीहवीशी वधू ठरली. अलेक्झांडरनंतर राज्याचा कारभार पाहणारा सेनापती पर्डिकस (वरच्या सनदेतला नव्हे) याने अँटिपेटरच्या मुलीशी, निकाइआशी, लग्न करून मनात मात्र क्लिओपात्रेचा विचार ठेवला. ते अँटिपेटरला कळले आणि युद्ध पेटले. ३०८ मध्ये ती टॉलेमीकडे जाण्यासाठी सार्डिसहून निघू पाहत होती, तेव्हा अँटिगोनसने तिला मारवले आणि नंतर मारेकरी स्त्रियांना देहदंड देऊन तिची राजेशाही उत्तरक्रिया केली. ती ज्याच्याशी लग्न करील, त्याला अलेक्झांडरच्या घराण्याचे नाव मिळेल, याची सर्वांनाच धास्ती होती.

इराणी आणि भारतीय सत्ताधीशांशीही असेच संबंध होते का?

होते. बंड फसल्यावर इराणी सरदार अर्टाबॅझस कुटुंबासह फिलिपच्या दरबारी आश्रयाला राहिला होता; पुढे अलेक्झांडरने त्याला बॅक्ट्रियाचा शासक नेमले. ३२४ मध्ये सुसा येथे सुमारे ऐंशी सोबत्यांची लग्ने इराणी घराण्यांत लावली गेली, आणि जिवलग मित्र हेफेस्टिऑनला अलेक्झांडरच्या नववधूची बहीण दिली गेली, कारण त्याची मुले आपल्या मुलांची भावंडे व्हावीत अशी राजाची इच्छा होती. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर यांतली टिकलेली प्रसिद्ध जोडी सेनापती सेल्युकस आणि अपामा यांची.

तक्षशिलेच्या आंभीने ३२६ मध्ये भेटी आणल्या, तेव्हा अलेक्झांडरने त्या परत करून वर १,००० टॅलेंट दिले. मॅसिडोनियन सरदारांना ते झोंबले. मैत्रीतल्या देणगीत वरचढ राहणे म्हणजे नात्यात वरचढ राहणे, हे त्यांना कळत होते, पण राजाने ही मैत्री परक्याशी जोडावी हे त्यांना सोसत नव्हते. पुढे सेल्युकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्या तहातही विवाहसंबंधाचा करार आणि ५०० हत्ती यांचा उल्लेख येतो.

याला आजच्या भाषेत वशिलेबाजी म्हणावे का?

मी हा शब्द वापरण्याचे टाळतो. वशिला म्हणताना आपण एक नियम गृहीत धरतो आणि ओळखीने तो वाकवला असे मानतो. इथे पुष्कळदा ओळख हाच नियम होता. मित्राचे भले करावे आणि शत्रूचे वाईट, ही न्यायाची सर्वमान्य व्याख्या होती.

तरी मर्यादा त्यांनाही ठाऊक होती. लाच घेणे यासाठीचा ग्रीक शब्द शब्दशः ‘भेट घेणे’ असाच आहे, म्हणजे एकच कृती मैत्री ठरू शके किंवा गुन्हा. हार्पॅलस प्रकरणात डेमोस्थेनीसवर आरोप करताना अथेन्सचाच वक्ता हायपरायडीस याने न्यायसभेला सांगितले की सेनापतींना आणि वक्त्यांना तुम्ही पुष्कळ लाभ घेऊ देता. तुमची अट एकच, की जे घेतले ते तुमच्यासाठी असावे, तुमच्याविरुद्ध नसावे. याहून प्रामाणिक मांडणी मला कुठे आढळलेली नाही.

भेट नाकारणारेही होते. अलेक्झांडरने अथेन्सचा नेता फोसिऑन याला १०० टॅलेंट पाठवले, तेव्हा आलेल्या माणसांना त्याची बायको पीठ मळताना आणि तो स्वतः विहिरीचे पाणी काढताना दिसला. त्याने पैसे परत केले. ज्यांना माझ्याकडून काही नको, ते माझे मित्र नव्हेत, असे अलेक्झांडरने रागावून कळवले. तेव्हा फोसिऑनने सार्डिसमध्ये कैदेत असलेल्या चार माणसांची सुटका मागितली, आणि ती लगेच मिळाली. पुढे अँटिपेटर म्हणत असे की अथेन्समध्ये माझे दोन मित्र आहेत. फोसिऑनला काही घ्यायला लावता येत नाही आणि डिमेडीसला कितीही दिले तरी पुरत नाही.

अशा मैत्रीचा नगराला फायदा झाल्याचा ठोस पुरावा आहे का?

आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. फिलिपिडीस हा अथेन्सचा विनोदी नाटककार थ्रेसचा राजा लायसिमॅकस याचा मित्र होता. २८३-२८२ च्या ठरावात त्याची कामे नोंदलेली आहेत. त्याने राजाशी बोलून नगरासाठी १०,००० मेडिम्नोस (धान्याचे ग्रीक माप) गहू मिळवला. अथीनादेवीच्या उत्सवात मिरवल्या जाणाऱ्या महावस्त्रासाठी डोलकाठी आणि आडवी काठी मिळवली. ३०१ च्या इप्ससच्या लढाईत मेलेल्या अथेनियनांचे दफन स्वखर्चाने केले आणि कैद झालेल्यांना सोडवले. नगराने त्याला सोन्याचा मुकुट दिला, नाट्यगृहात कांस्याचा पुतळा उभारला आणि सार्वजनिक भोजनगृहात कायमचे जेवण दिले.

प्लुटार्कने या दोघांचे एक संभाषण जपून ठेवले आहे. माझ्याजवळचे तुला काय देऊ, असे लायसिमॅकसने विचारले, तेव्हा फिलिपिडीस म्हणाला, महाराज, तुमची गुपिते सोडून काहीही द्या.